रविवारच्या पेपरातली नोकरी

सुरळीच्या वड्यांचं पीठ गॅसवरून उतरलं की बाईच्या हातात जेमतेम दोन मिनिटं असतात. तेवढ्यात ते पालथ्या ताटांवर पसरलं तर पसरलं, नाहीतर बसा गोळा उकरत. मीनाक्षीबाई वाटी घेऊन सज्ज होत्या, ओट्यावर चार ताटं पालथी घातलेली होती, आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत जगन्नाथरावांनी तोंड उघडलं.

"कुशचा आज तीन वाजता इंटरव्ह्यू आहे. फोनवर. मीच ठरवलाय."

दुपारचा एक वाजला होता. पाच वाजता यामिनीच्या डोहाळजेवणाला बायका येणार होत्या. शुक्रवारी, कामाच्या दिवशी, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत डोहाळजेवण कोण ठेवतं? टिपणीस ठेवतात. मीनाक्षीबाईंच्या पंचांगात शुक्रवारच निघाला होता, आणि ऑफिसं काय, ऑफिसं रोजचीच, असं त्यांनी सगळ्यांना फोनवर ठणकावलं होतं. बहिणीच्या मुलाच्या बायकोचं पहिलटकरणीचं कौतुक. बहीण कांचन पुण्यात बसून नुसता व्हिडिओ बघणार, म्हणजे इथे मावशीनेच आईच्या जागी उभं राहायचं.

कुश शिडीवर उभा राहून झोपाळ्याच्या कड्यांना मोगऱ्याच्या माळा गुंडाळत होता. तो तसाच थांबला. "व्हॉट इंटरव्ह्यू?"

"सरप्राइज!" जगन्नाथराव म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. अख्ख्या गल्लीत छापील पेपर आता त्यांच्याच दारात पडतो. बायकोला वाटतं कूपनं कापण्यासाठी घेतात. पण गेले आठ महिने हा माणूस दर रविवारी भिंग घेऊन 'नोकर पाहिजेत'चं पान वाचत होता. "सगळं जग लॅपटॉपवर अर्ज टाकतंय. एका जागेला दोन-दोन हजार! पेपरातल्या जागेला कोण अर्ज करतो? कुत्रंसुद्धा नाही. कॉम्पिटिशन झीरो! आणि बरं का, अर्ज पोस्टाने मागवला होता. पोस्टाने! म्हणजे कंपनी सभ्य आहे."

"यू अप्लाइड? माझ्या नावाने?"

"मग काय माझ्या नावाने करू? मी अडुसष्ट वर्षांचा आहे."

"अँड द सिग्नेचर?"

"तुझी सही सोपी आहे रे. फोन नंबर घरचाच दिला. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस."

कुशला राग आला, येणारच. चौतिसाव्या वर्षी नोकरी जाऊन, कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनोचं घर सोडून आईबापांच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या मुलाच्या नावाने बाप अर्ज करतो, सही ठोकतो, म्हणजे हद्द झाली. पण एक गोष्ट त्याने कुणाला कळू दिली नाही. चारशेवर अर्ज केले होते त्याने, उत्तरं आली ती सगळी मशीननं लिहिलेली. जिवंत माणूस आपल्याशी बोलणार आहे हे ऐकून त्याला बरं वाटलं होतं. इतकं बरं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"अरे वा, कुशदादा!" यामिनीचा नवरा सौमित्र सोफ्यावरून ओरडला. तो यामिनीच्या दंडाला फुलांचा बाजूबंद बांधत होता आणि तिसऱ्यांदा गाठ चुकवत होता. "कुठली कंपनी, काका? दाखवा तरी."

जगन्नाथरावांनी पाकिटातून कात्रण काढलं. चार बोटांएवढी जाहिरात, मुंगीएवढी अक्षरं. सौमित्रने ती अभिनंदनाच्या चेहऱ्याने वाचायला घेतली. मग चेहरा तोच राहिला, पण अभिनंदन गेलं.

"काका, ही आमची कंपनी आहे."

"छे! तुझी ती पार्सलबड."

"पार्सलबड हे ॲपचं नाव. कागदोपत्री कंपनी ब्रॅकनहिल सिस्टिम्स."

"अरे मग तर सोन्याहून पिवळं! दोघं भाऊ एका ऑफिसात! तू आत जाऊन एक शब्द टाक."

"काका, ही माझी जागा आहे."

"तुझ्या शेजारची?"

"माझी. मी ज्या खुर्चीवर बसतो ती."

मीनाक्षीबाईंच्या हातातल्या पातेल्यात पिठाचा गोळा झाला होता. त्यांनी तो न बघताच सिंकमध्ये टाकला.

सौमित्र सांगू लागला तेव्हा त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट झाला होता. घाबरला की त्याचा तसा होतो. ग्रीन कार्डाची फाईल पाठवण्याआधी कंपनीला सरकारला दाखवावं लागतं की, या कामाला लायक अमेरिकन माणूस आम्ही शोधला, मिळाला नाही. म्हणून जाहिरात द्यायची, दोन रविवार, छापील पेपरात. कोणी आलं नाही की फाईल पुढे.

"आणि कोणी आलं तर?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"तो लायक निघाला तर फाईल बंद. सहा महिने पुन्हा सुरू करायची नाही. आणि मावशी, माझ्याकडे सहा महिने नाहीत. व्हिशाची मुदत सहा वर्षांची. फाईल या जानेवारीच्या आत गेली तरच पुढे राहता येतं. नाहीतर पुढच्या वर्षी बॅगा भरायच्या."

 यामिनीने सातव्या महिन्यातल्या पोटावर हात ठेवला, मग कुणी बघितलं तर काय वाटेल म्हणून काढून घेतला. ती आर्किटेक्ट. नवऱ्याच्या व्हिशावर आली म्हणून दोन वर्षं घरी. ती फाईल पुढे गेली की तिलाही कामाची परवानगी मिळणार होती. एडिसनमधल्या एका फर्मने तिच्यासाठी जागा ठेवतो म्हणून सांगितलंही होतं.

"होल्ड ऑन." कुश शिडीवरून उतरला. "मी सिलेक्ट झालो तर सॉमचं कार्ड जाणार. अँड आय गेट द जॉब?"

"नाही. त्यांना तुला घ्यायलाच पाहिजे असंही नाही. जागा रिकामीच नाहीये. मी बसलोय तिथे."

"सो त्याचं जाणार, आणि मला नथिंग."

"बरोबर."

"हे कुणी डिझाइन केलं?"

"ज्याला व्हिसा लागत नाही त्याने," यामिनी म्हणाली.

कुश खो खो हसला. सौमित्रलाही हसू आलं, आणि मग कुणालाच आलं नाही.

"पण मेल्या, हे तू आधी का नाही सांगितलंस?" मीनाक्षीबाई कडाडल्या. "जाहिरात येणार, या नावाने येणार. एवढं सांगितलं असतंस तर यांनी कशाला पोस्टात जाऊन हा उद्योग केला असता?"

सौमित्रने खाली बघितलं. "आईने सांगितलं होतं, कार्ड हातात येईपर्यंत कुणाला बोलू नकोस. दृष्ट लागते."

"कांचनला म्हणावं, ही बघ लागली. घरच्याच माणसाची लागली."

आता सांगायला हवं की टिपणिसांच्या घरात बाजू घेणं ही मोठी कला आहे. इथे कोणी उघड बाजू घेत नाही. चहा कुणाला आधी दिला यावरून समजून घ्यायचं. मीनाक्षीबाईंनी चहा ठेवला आणि पहिला कप यामिनीच्या हातात दिला. कुशने ते बघितलं. लहानपणापासून तो आईचे कप बघत आला होता.

"कुश," त्या म्हणाल्या, "फोन आला की सांगून टाक. नको म्हणावं. इंटरेस्ट नाही."

"आई, आठ महिन्यांत फर्स्ट कॉल आहे हा."

"पण नोकरी मिळणारच नाहीये ना तुला? मग?"

"दॅट्स नॉट द पॉइंट!"

"मग काय पॉइंट आहे? ती पोर सात महिन्यांची पोटुशी आहे."

"आय नो ती प्रेग्नंट आहे, आय पुट अप द फ्लॉवर्स!" कुशने कप न घेताच बाजूला सारला. "तू मला एकदा तरी विचारलंस, तुला बोलायचंय का? आधी सॉम. ऑलवेज सॉम. सॉमला भात आवडतो, सॉमला थंडी वाजते. ओके, मी एक गोष्ट बोलतो जी या घरात कुणी बोलत नाही. आमची टीम कट केली तेव्हा व्हिसावाले सहा जण राहिले. आय डिडन्ट. ते वाईट लोक नाहीत. पण ते नाही म्हणू शकत नाहीत, संडेलासुद्धा. मॅनेजरला ते आवडतं."

खरंच, हे या घरात कुणी बोलत नसे. दिवाळीला, गणपतीला, बार्बेक्यूला, कधीच नाही. सौमित्र उठून उभा राहिला.

"नाही म्हणू शकत नाहीत, बरोबर. का नाही म्हणू शकत? माझी नोकरी गेली ना, कुशदादा, तर मला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा. तू आठ महिने आईच्या हातचं गरम जेवतोयस. मला तेवढं जेवायला वेळच मिळणार नाही."

"मग मी काय करू, सॉरी म्हणू, मी इथे बॉर्न झालो?"

"मी कुठे म्हणालो तसं?"

"यू डिड!"

"पुरे!" यामिनी म्हणाली. "माझं डोहाळजेवण आहे आज. मला आनंदी राहायचं असतं म्हणे. राहू द्या ना यार."

 यामिनीने सौमित्रच्या हातातला बाजूबंद काढून घेतला आणि एका हाताने, दातात दोरी धरून, स्वतःच बांधला.

जगन्नाथराव इतका वेळ कात्रणाकडे बघत बसले होते. आपण आज बाजी मारली या आनंदात त्यांनी सकाळपासून दोनदा दाढी केली होती, आणि आता त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना. त्यांना एक माणूस आठवत होता. एकोणनव्वद साल, न्यू ब्रन्सविकचं ते पंप बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस. त्यांच्या स्वतःच्या कार्डाची फाईल चालली होती. रिसेप्शनची बाई जेवायला गेली होती, तेव्हा राखाडी सुटातला एक पन्नाशीचा अमेरिकन माणूस फोल्डर छातीशी धरून आत आला. पेपरातली जाहिरात बघून आलो म्हणाला. जगन्नाथरावांनी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. तो म्हणाला, छान लोक दिसतात तुमच्याकडे. अर्ध्या तासाने साहेबाने त्याला दाराशी सोडलं आणि जगन्नाथरावांकडे बघून डोळा मिचकावला. त्या रात्री मीनाक्षीबाईंनी शिरा केला होता. त्या माणसाच्या घरी काय शिजलं असेल हे जगन्नाथरावांच्या मनात तेव्हा आलंच नाही. आज आलं.

"कुश बोलेल," ते एकदम म्हणाले.

"अहो!"

"बोलेल म्हटलं ना. खुर्चीवर बसवून, नीट बोलेल. आलेल्या माणसाचं निदान ऐकून घ्यावं. ते काय विचारतील ते विचारतील, हा काय सांगेल ते सांगेल. आपण कुणी शिकवायचं नाही."

"आणि माझं बाळ?" यामिनीच्या तोंडून गेलंच.

 उत्तर सौमित्रनेच दिलं, आणि ते ऐकून यामिनीने त्याच्याकडे असं बघितलं की बाकीच्यांनी नजर वळवली.

"काका बरोबर बोलतायत. कुशदादा, माझ्यासाठी नको म्हणू नकोस. उद्या वकिलांनी विचारलं की अर्जदाराला तुम्ही गळ घातली का, तर मला खोटं बोलता येणार नाही. आणि..." तो अडखळला. "आणि तुला येतं हे काम. मी बघितलंय तुझं. जे खरं आहे ते सांग. मी ऐकायला थांबत नाही."

तीनला पाच कमी असताना तो मागच्या दाराने अंगणात गेला आणि तिथे उगीचच पाण्याची नळी गुंडाळायला लागला.

फोन बरोबर तीनला वाजला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा, जुना, ज्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. त्याचा रिसीव्हर बिघडून वर्ष झालं होतं आणि तो फक्त स्पीकरवर चालायचा, त्यामुळे कुणापासून काही लपण्याचा प्रश्नच नव्हता. कुशने शर्ट बदलला होता. फोनवर कोण बघणार, पण बदलला होता.

डेबरा म्हणून बाई होती. आवाजावरून साठीची, दमलेली, चांगली. सगळं इंग्रजीत चाललं. तिने नाव विचारलं, नागरिकत्व विचारलं, मग कामाचं विचारायला सुरुवात केली. आणि कुश खुलला. गोदामातून निघालेलं पार्सल कुठल्या रस्त्याने न्यावं, एक ट्रक बंद पडला तर उरलेल्यांची वाटणी मशीनने कशी करावी, हे तो असं सांगायला लागला की मीनाक्षीबाईंना त्यातलं अक्षर कळेना, पण ऐकत राहावंसं वाटलं. आठ महिन्यांत हा आवाज घरात ऐकू आला नव्हता. जगन्नाथराव तर मान डोलवत होते. यामिनी झोपाळ्यावर ताठ बसली होती. तिला सगळं कळत होतं, आणि प्रत्येक चांगल्या उत्तराबरोबर तिचा चेहरा उतरत होता.

"उत्तम," डेबरा म्हणाली, आणि त्या 'उत्तम'मध्ये जरा काळजीच होती. "शेवटचं. अशा रूटिंग सिस्टिमवर किमान पाच वर्षांचा अनुभव ही आमची अट आहे. तुमच्या रिझ्युमेवर पाच वर्षं लिहिलंय. बरोबर?"

कुशने बापाकडे बघितलं.

जगन्नाथराव कॅलेंडर वाचत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तीन वर्षं. कुशने ते काम तीन वर्षं केलं होतं, आणि जाहिरातीत पाच मागितली होती, आणि या माणसाने पोस्टात टाकण्याआधी दोन वर्षं पदरची घातली होती.

नुसतं हो म्हणायचं होतं. कोण तपासणार होतं? आठ महिन्यांत पहिल्यांदा एका माणसाने कुशला 'उत्तम' म्हटलं होतं. मीनाक्षीबाईंनी यामिनीचा हात धरला. कुशचे ओठ हलले, थांबले.

"तीन," तो म्हणाला. "पाच चुकून पडलंय. तीन वर्षं."

पलीकडे डेबराने श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला. तिचा आवाज एकदम मऊ झाला. मग दुर्दैवाने अट पूर्ण होत नाही, ती म्हणाली, प्रामाणिकपणाबद्दल आभार. कुणाचं काही उणं निघालं म्हणून इतकं कुणी खूश झालेलं कुशने पाहिलं नव्हतं. यामिनीने डोळे मिटले. मीनाक्षीबाईंना दुपारपासून जे हवं होतं ते झालं होतं, देवाजवळ मागितलं होतं तस्सं झालं होतं, आणि त्यांना रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून त्या रडायला लागल्या. यामिनीला वाटलं आनंदाने रडतायत. आनंदाने नव्हत्या.

"पाच असती," कुशने विचारलं, "तर मला घेतलं असतंत?"

"त्याचं उत्तर द्यायची मला परवानगी नाही," डेबरा म्हणाली.  "कामाचं माझं संपलं. पण मिस्टर टिपणीस, एक सांगू? एकोणीस वर्षं मी अर्ज वाचतेय. तुम्ही रिझ्युमेबरोबर जे पत्र जोडलंत तसं पत्र मला कधी आलं नाही. मी ते घरी नेऊन माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं."

"कुठलं पत्र?"

जगन्नाथराव झटकन सिंककडे वळले आणि धुतलेलं ताट पुन्हा धुवायला लागले.

तिने वाचलं. पत्र इंग्रजीत होतं. पण सुचलं मराठीत होतं हे शब्दाशब्दाला कळत होतं, म्हणून इथे मराठीतच देतो.

"महोदय, सोबतच्या कागदावर माझी पात्रता लिहिली आहे. ती कागदावर मावत नाही असं माझ्या वडिलांचं मत आहे. मला कामावरून काढलं त्या दिवशी मी माझ्या हाताखालच्या दोन मुलांना आधी फोन केले, त्यांना धीर दिला, आणि घरी संध्याकाळी कळवलं. गेले आठ महिने मी आईवडिलांकडे राहतो. या काळात मी त्यांच्यावर एकदाही आवाज चढवला नाही. चढवण्याजोगे प्रसंग वडिलांनी पुष्कळ आणले. ते मला रोज विचारतात, काही झालं का. मला त्याचा त्रास होतो हे त्यांना कळतं, पण दुसरं काय विचारावं हे त्यांना सुचत नाही. मी ज्याच्याकडे काम करीन तो माणूस भाग्यवान ठरेल. आपला नम्र, कुश टिपणीस."

नळ चालूच होता. डेबराने शुभेच्छा दिल्या आणि फोन बंद झाला. यामिनी उठली, मागचं दार उघडून तिने सौमित्रला हाताने आत बोलावलं. तो ओल्या हातांनी आत आला, बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला त्याचं कळलं, आणि कुशला मिठी मारायला तो दोन पावलं पुढे गेला. पण कुश त्याच्याकडे बघत नव्हता, म्हणून तो तिथेच थांबला.

कुश सिंकपाशी गेला.

"बाबा, हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत."

जगन्नाथरावांनी वळून बघितलं नाही. ताट घासत राहिले.

"तुला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "नोकरी तू थोडीच देणार होतास."